परक्या जागेत उभी वस्तू : कोंडवाड्यापासून जॅमरपर्यंत

हत्तीला दोन रुपये. उंट किंवा म्हैस असेल तर आठ आणे. घोडा, बैल, गाय यांना चार आणे. वासरू, गाढव आणि डुक्कर यांना दोन आणे. मेंढी-बकरीला एक आणा. १८७१ च्या ‘कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट’ला, म्हणजे साध्या बोलीत ज्याला कोंडवाड्याचा कायदा म्हणता येईल त्याला, हा दंडाचा तक्ता जोडलेला होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात गेले, की मालकाने एवढे पैसे भरायचे आणि ते सोडवून न्यायचे. शेतात शिरलेल्या हत्तीला कोंडवाड्यापर्यंत कोणी आणि कसे न्यायचे, हा प्रश्न मात्र कायदा लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

हा तक्ता मी शोधून काढला तो गुरांसाठी नव्हे, मोटारींसाठी. शहरात राहणाऱ्या कुणालाही पुढचा प्रसंग परिचयाचा असेल. सोसायटीच्या आवारात आपल्या नावाने आखून दिलेल्या चौकोनात कुणीतरी परकी गाडी लावून निघून गेलेला असतो. वॉचमनला ती कुणाची ते ठाऊक नसते. काचेवर फोन नंबर नसतो. मग चाकांतली हवा सोडावी असे एक जण सुचवतो, जॅमर लावावा असे दुसऱ्याचे म्हणणे पडते आणि तिसरा ओळखीच्या क्रेनवाल्याचा नंबर काढतो. जागा आपली आहे, याबद्दल तिघांचेही एकमत असते. पण जागा आपली असली तर त्या जागेवर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या वस्तूवर आपला किती अधिकार? ती बाहेर काढण्याचा, अडकवून ठेवण्याचा, की पैसे हातात पडेपर्यंत न सोडण्याचा?

आपल्या कायद्यात याचे थेट उत्तर शोधायला गेलो तर फारसे काही हाती लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ खाली रस्त्यात सोडून दिलेले किंवा अडथळा करणारे वाहन हलवता येते. पण तो अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा आणि तो सार्वजनिक जागेपुरता. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी जागा, अशी त्याच कायद्यातली व्याख्या. सोसायटीचे फाटक लावलेले आवार त्यात सहसा बसत नाही. नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली इमारतीखालच्या खांबांमधली आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असे ठरवले, त्यामुळे जागा कुणाची यावर बराच प्रकाश पडला. त्या जागेत आलेल्या पाहुण्याचे काय करायचे, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. गाडीला परस्पर हात लावावा, तर दंडविधानाचे भय आहेच. जाता जाता एक गंमत नोंदवतो. चोरीच्या व्याख्येत वस्तू ‘हलवणे’ हा आवश्यक घटक आहे, जुन्या भारतीय दंडसंहितेत होता आणि नव्या न्याय संहितेतही आहे. म्हणजे वाईट हेतूने उचलून नेलेली गाडी त्या व्याख्येच्या जवळ जाते. जॅमर लावलेली गाडी जागची हलत नाही, तेव्हा तिच्यासाठी दुसरे कलम शोधावे लागते.

मोटारीसाठी नसलेले उत्तर जनावरासाठी मात्र शतकानुशतके होते. आणि पुढे इंग्लंडमध्ये मोटारींचे खटले उभे राहिले तेव्हा वकिलांनी तेच गुरांचे कायदे झटकून न्यायालयात नेले. म्हणून आधी गुरांकडे जायला हवे.

इंग्रजी कायद्यात या हक्काला फ्रेंच वळणाचे एक नाव आहे : ‘डिस्ट्रेस डॅमेज फीझंट’. नुकसान करत असलेली वस्तू अटकावून ठेवण्याचा हक्क, असा त्याचा अर्थ. शेजाऱ्याची गाय तुमच्या गव्हात शिरली तर न्यायालयात न जाता, कुणाची परवानगी न घेता तुम्ही ती पकडायची आणि नुकसान भरून मिळेपर्यंत सोडायची नाही. कायद्याने माणसाच्या हाती स्वतःच न्याय करण्याचे जे थोडे अधिकार राहू दिले, त्यातला हा एक फार जुना अधिकार. तो दिला खरा, पण पहिल्यापासून त्याच्या पायात दोऱ्याही बांधल्या. जनावर नुकसान करत असतानाच पकडायला हवे; ते बांधाबाहेर गेले की हक्क संपला. पकडलेल्या घोड्यावर बसायचे नाही, कारण ती वस्तू तुमची झालेली नसते. ती नुसती अडकवून ठेवलेली असते.

जनावर ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमधल्या कितीतरी खेड्यांत दगडी भिंतींचे एक छोटे, बिनछपराचे आवार आजही दिसते. तो तिथला कोंडवाडा. उघड्यावरच्या सार्वजनिक कोंडवाड्यात जनावर ठेवले तर मालकाला ते दिसते, तो येऊन चारा घालू शकतो. म्हणून तिथे वैरण-पाण्याची जबाबदारी जुन्या कायद्याने मालकावर टाकली होती. पकडणाऱ्याने ते स्वतःच्या बंद गोठ्यात ठेवले तर मात्र चाऱ्याचा भार त्याच्यावर. या भेदामागचे व्यवहारज्ञान मला फार आवडते. वस्तू लपवलीस तर तिचा सांभाळही तूच कर.

पण माणसे वस्तू लपवतच होती. जनावर पकडायचे आणि इतक्या लांब हाकलून न्यायचे की मालकाला शोधता शोधता नाकी नऊ यावेत, ही युक्ती तेराव्या शतकातही चालत असावी. कारण १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्याने अटकावलेली मालमत्ता परगण्याबाहेर नेण्यास बंदी केली. तेवढ्याने भागले नाही. १५५४ साली, मेरी राणी आणि फिलिप यांच्या राज्यात, आणखी एक कायदा झाला. जनावर त्याच विभागातल्या कोंडवाड्यात ठेवावे, बाहेर न्यायचेच तर त्याच परगण्यातल्या उघड्या कोंडवाड्यात आणि तीन मैलांहून दूर नाही. आणि कोंडण्याचे शुल्क चार पेन्सांहून अधिक नाही. तीन मैल आणि चार पेन्स. कुणाच्या तरी गायी दहा-बारा मैलांवर सापडल्या असणार आणि सोडवायला शिलिंगांत पैसे मागितले असणार, तेव्हाच असे आकडे कायद्यात येतात. मालक तारण ठेवून जनावर तात्पुरते परत नेऊ शकत असे आणि अटकाव बरोबर होता की नाही याचा निवाडा मग न्यायालयात होई. हा उपायही फार जुना. उलट, चिडून कोंडवाडा फोडणे हा गुन्हा होता.

या हक्काचा माझ्या माहितीतला सर्वांत नाट्यमय वापर मात्र गायीवर झालेला नाही. तो झाला आगगाडीच्या इंजिनावर. १८५२ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला, मिडलंड रेल्वेच्या रुळांवरून, प्रतिस्पर्धी ग्रेट नॉर्दर्न कंपनीचे इंजिन गाडी घेऊन आले. मिडलंडवाल्यांना ते खपणारे नव्हते. त्यांनी आपली इंजिने पुढेमागे आणून त्या परक्या इंजिनाला घेरले, ढकलत एका शेडमध्ये नेले आणि शेडबाहेरचे रूळच उखडून टाकले. सात महिने ते इंजिन तिथे अडकून पडले. प्रकरण न्यायालयात गेले. रेल्वेच्या कायद्याप्रमाणे परक्या रुळांवर इंजिन आणायचे तर आधी ते मंजूर करून घ्यावे लागे. या इंजिनाला तशी मंजुरी नव्हती. १८५३ साली निकाल मिडलंडच्या बाजूने लागला. मंजुरी नसलेले इंजिन रूळ अडवून उभे आहे, तेव्हा गव्हात शिरलेल्या गायीसारखे तेही अटकावता येते, असा त्याचा आशय. गाय गहू खाते, तुडवते. इंजिनाने काही खाल्ले नव्हते. ते जागा अडवून होते. जागा अडवणे म्हणजे नुकसान का, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा यंत्राच्या बाबतीत उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्या दिवशी ‘होय’ असे आले. पुढच्या दीडशे वर्षांतला मोटारींचा सगळा वाद या एका शब्दाभोवती फिरणार होता.

आता आपल्याकडे यायचे. हिंदुस्थानात कोंडवाड्याचा पहिला कायदा १८५७ चा. त्या वर्षी इतर गडबड पुष्कळ होती, म्हणून याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याच्या जागी १८७१ चा कायदा आला. तो मी पहिल्यांदा सलग वाचला तेव्हा इंग्रजी हक्काची देशी नक्कल सापडेल असे वाटले होते. सापडले ते वेगळेच. इंग्रज शेतकरी जनावर अडकवत असे ते आपले नुकसान वसूल करण्यासाठी. गाय हे त्याच्या हातातले तारण. आपल्याकडच्या शेतकऱ्याला कलम १० ने जनावर पकडण्याचा अधिकार दिला, पण ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवण्याचे बंधन घातले. आणि मालक जो दंड भरील त्यातला पैसाही पकडणाऱ्याला नाही. पिकाचे नुकसान हवे असेल तर त्याने वेगळा दावा करावा. म्हणजे जनावर पकडण्यात पकडणाऱ्याचा फायदा एवढाच, की पीक वाचले.

बाकीची कलमेही याच धोरणाची. कोंडवाड्याचा रखवालदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक. जनावर आले की त्याने नोंदवहीत लिहायचे : संख्या आणि वर्णन, आणल्याचा दिवस आणि तास, पकडणाऱ्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, माहीत असेल तर मालकाचे नाव. त्या नोंदीची नक्कल पकडणाऱ्याला द्यायची. जनावरांना चारा-पाणी द्यायचे. सात दिवसांत मालक आला नाही तर वर्दी, जाहीर सूचना आणि मग लिलाव. आणि त्या लिलावात कोंडवाड्याच्या रखवालदाराने किंवा संबंधित अधिकाऱ्याने बोली लावायची नाही. अटकाव बेकायदा आहे असे मालकाचे म्हणणे असेल तर रक्कम अनामत भरून त्याने जनावर घेऊन जावे आणि दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी. ती खरी ठरली तर दंड-खर्चाशिवाय शंभर रुपयांपर्यंत भरपाई. १८७१ साली शंभर रुपये ही लहान रक्कम नव्हती. खोडसाळपणे दुसऱ्याची गुरे हाकलत कोंडवाड्यात नेऊन घालणारे लोक या देशात असतील, याची कायदा लिहिणाऱ्यांना चांगलीच कल्पना होती.

कागदावर हा कायदा मला त्या काळातल्या इतर अनेक कायद्यांपेक्षा शहाणा वाटतो. पण तो कुणासाठी कसा वापरला गेला, ते पाहिले की ही स्तुती आवरती घ्यावी लागते. कलम १० मध्ये ‘जमिनीत शिरून नुकसान करणारी’ गुरे असे शब्द आहेत. नुकसान हवे, नुसते शिरणे पुरेसे नाही. जंगलखात्याला ही अट गैरसोयीची होती. म्हणून जंगलाच्या कायद्यात एक मानीव तरतूद आली. राखीव जंगलात शिरलेली गुरे ही सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारी गुरे आहेत ‘असे समजले जाईल’. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७० मध्ये हे आजही वाचता येते. त्यापुढच्या कलमाने दंडाचे दर वाढवण्याचीही सोय केली. तिथे हत्ती दोन रुपयांवरून थेट दहा रुपयांवर गेला आणि गाय-बैल चार आण्यांवरून रुपयावर. ‘समजले जाईल’ या दोन शब्दांनी गवत खाल्ले की नाही, रोप तुडवले की नाही, हा प्रश्नच मिटवला. गाय तिथे उभी होती, एवढ्यावर दंड. आणि ती उभी होती ते कुरण कालपर्यंत गावाचे गायरान होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जो राग काढला आहे, तो या गायरानांवरून. जागा कुणाची हे आधी ठरवून घेतले की तिच्यावर उभे राहणारा आपोआप गुन्हेगार ठरतो. पार्किंगच्या भांडणात आपण जागेची मालकी इतकी गृहीत धरतो, की ही बाजू सहज नजरेआड होते.

गावातला कोंडवाडा पुढे ग्रामपंचायतीकडे आला. काही ठिकाणी तो ठेक्याने देण्याची पद्धत पडली, आणि ठेकेदाराला जनावरे जितकी जास्त तितकी बरी असल्याने ‘मोकाट’ या शब्दाचा अर्थही बराच सैल झाला. कोंडवाडा या शब्दाला मराठीत जी कोंदट, अपमानाची छटा आहे ती काही उगाच आलेली नाही. १९७४ साली दया पवारांनी आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

जनावरांचे युग संपत आले तेव्हा यंत्रे आली. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचे गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ साली जुन्या कॅडिलॅक गाडीवर खांब, कप्पी आणि साखळदंड बसवून पडलेल्या गाड्या ओढून काढणारी गाडी तयार केली. टोइंग व्हॅनची ही आद्य पूर्वज. तिचा हेतू निखळ मदतीचा होता. आज त्या गावात टोइंगच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. जॅमरचा जनक तर आणखी अनपेक्षित : डेन्व्हरच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे फ्रँक मारूग. हौशी कारागीर असलेल्या या गृहस्थांनी चाकाला घट्ट बसणारा जो धातूचा सापळा बनवला, तो डेन्व्हरच्या पोलिसांनी १९५५ पासून वापरायला घेतला. लंडनच्या रस्त्यांवर तो १९८३ साली पोचला. रस्त्यावर तो पोलिसांच्या हातात होता. थोड्याच दिवसांत खासगी जागांचे मालक आणि त्यांनी नेमलेल्या कंपन्या यांनीही तो उचलला, आणि इथून खरी अडचण सुरू झाली.

कारण या कंपन्यांचा धंदा असा होता : जागामालकाकडून काही घ्यायचे नाही, त्याच्या जागेत पाटी लावायची, गाड्यांना जॅमर लावायचे आणि सोडवण्याचे पैसे खिशात टाकायचे. जितके लोक चुकतील तितकी कमाई. पाटी ठळक असणे अशा धंद्याच्या हिताचे नसते. कुंपणच शेत खाऊ लागले, असे म्हणायला हरकत नाही. १८७१ च्या कायद्याने पकडणाऱ्याला आणि कोंडवाडा चालवणाऱ्याला दंडापासून दूर ठेवले होते. इथे पकडणारा, कोंडवाडा चालवणारा, दंड ठरवणारा आणि तो खाणारा एकच झाला.

स्कॉटलंडने याचा निकाल लवकर लावला. १९९२ च्या ब्लॅक विरुद्ध कार्मायकल खटल्यात तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने म्हटले, की खासगी जागेत दुसऱ्याच्या गाडीला जॅमर लावून पैसे मागणे ही खंडणी आहे आणि चोरीही. स्कॉटलंडमध्ये हा धंदा तिथेच संपला.

इंग्लंडला मात्र वीस वर्षे लागली. १९९५ साली अपील न्यायालयापुढे आर्थर विरुद्ध अँकर हा खटला आला. कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावातली खासगी पार्किंगची जागा, तिथे लावलेली पाटी, चाळीस पौंडांची मागणी. गाडीवाल्याने पैसे देण्यास नकार दिला आणि रात्रीतून गाडी जॅमर-कुलपांसकट घेऊन गेला. जॅमरवाल्यांच्या वकिलांनी जो मुद्दा काढला तो आपला ओळखीचाच : ‘डिस्ट्रेस डॅमेज फीझंट’. १९७१ च्या प्राण्यांविषयीच्या कायद्याने, म्हणजे आपल्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, इंग्लंडने गुरांच्या बाबतीत हा जुना हक्क रद्द करून त्याजागी नवे नियम आणले होते. पण निर्जीव वस्तूंबाबत तो कुणी रद्द केलेला नव्हता. मग मोटार का नाही? मास्टर ऑफ द रोल्स सर थॉमस बिंगहॅम यांच्या न्यायपीठाने हा मुद्दा फेटाळला. रिकाम्या जागेत उभ्या असलेल्या गाडीने प्रत्यक्ष नुकसान काय केले? सोडवणुकीचे शुल्क हे तर कुठल्या नुकसानाची भरपाईच नव्हते. ती लोकांना दरारा बसावा म्हणून लावलेली रक्कम होती. नॉटिंगहॅमच्या इंजिनाला जे उत्तर मिळाले ते ट्रूरोच्या मोटारीला मिळाले नाही.

तरीही जॅमरवाले जिंकले, ते दुसऱ्या वाटेने. पाटी वाचून गाडी लावणाऱ्याने परिणामाला संमती दिली आहे, असे न्यायालयाने धरले; अट अशी, की शुल्क वाजवी असावे, पैसे देताच गाडी विनाविलंब सुटावी, पैसे द्यायला माणूस सापडावा आणि गाडीची मोडतोड होऊ नये. मला हा युक्तिवाद कधीच पटलेला नाही. गायीने पाटी वाचलेली नसते म्हणून तिच्या कायद्याला नोंदवही, दर, अंतर सगळे लिहून ठेवावे लागले. माणूस वाचू शकतो, एवढ्यावर ही सारी संरक्षणे ‘संमती’ या एका शब्दात बुडाली. आणि वाचणाराही दर वेळी वाचण्याच्या स्थितीत असतोच असे नाही. २००० सालच्या व्हाइन विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट खटल्यातली बाई रुग्णालयातून परतत होती. वाटेत तिला मळमळू लागले म्हणून तिने गाडी एका खासगी जागेत घातली आणि काही मिनिटांत परत येऊन पाहते तो चाकाला जॅमर. पाटी दुसऱ्या गाडीच्या आड होती. तिने ती पाहिलीच नाही, तेव्हा संमती कसली, असे म्हणून अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

त्यानंतर परवाने आले, २००१ च्या कायद्याने जॅमर लावणाऱ्यांवर नियंत्रण आले आणि ते पुरे पडत नाही असे दिसल्यावर १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर अधिकार नसताना खासगी जागेतली गाडी अडकवणे किंवा हलवणे हाच गुन्हा ठरला. वस्तूला हात लावायचा नाही. पैसे हवे असतील तर कागदावर मागा. म्हणून आता तिथे गाडीला चिकटते ते शुल्काचे पत्रक. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तासांची मुदत छप्पन्न मिनिटांनी ओलांडणाऱ्या गृहस्थाला पंच्याऐंशी पौंड लागले आणि २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रास्त ठरवले. गृहस्थ हरले, पण खटला चालला ती सगळी वर्षे गाडी तारण म्हणून कुणी अडकवून ठेवली नव्हती.

अमेरिकेने उलटी वाट धरली. मोटार हे तिथे पायांइतकेच आवश्यक, आणि खासगी जागेतून ती उचलून नेण्याला मुभा आहे. मर्यादा घालतात त्या राज्ये आणि शहरे. शिकागोचे गायक स्टीव्ह गुडमन यांनी १९७०च्या दशकात गाड्या उचलणाऱ्यांना चाचे म्हणणारे ‘लिंकन पार्क पायरेट्स’ हे गाणे लिहिले, यावरून ती मर्यादा किती पाळली जात असे याची कल्पना यावी. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम २२६५८ मी वाचले तेव्हा १५५४ आणि १८७१ एकत्र वाचल्यासारखे वाटले. पाटी किमान सतरा इंच बाय बावीस इंच, अक्षर किमान एक इंच उंच, त्यावर पोलिसांचा दूरध्वनी. गाडी उचलण्याची लेखी परवानगी जागामालकाने त्या त्या गाडीपुरती द्यायची. आग विझवण्याच्या नळापुढची जागा असे मोजके अपवाद सोडले तर सरसकट मुखत्यारी चालत नाही. गाडी आवाराबाहेर जाण्याआधी चालक धावत आला तर ती सोडायची आणि नेहमीच्या शुल्काच्या निम्म्याहून अधिक घ्यायचे नाही. नेऊन ठेवायची ती दहा मैलांच्या आत. जागामालकाला टोइंगवाल्याकडून कमिशन घेता येत नाही. जादा पैसे उकळले तर चौपट भरपाई. तीन मैलांचे दहा झाले, कारण गाय चालते आणि गाडी ओढली जाते. बाकी भीती तीच.

हे नियम टिकतील की नाही अशी वेळ एकदा आली होती. १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने मालवाहतूक मोकळी करण्यासाठी वाहतूकदारांचे दर, मार्ग आणि सेवा यांवरचे राज्यांचे आणि शहरांचे नियम रद्दबातल केले. टोइंगवाले म्हणाले, आम्हीही वाहतूकदारच. मालकाची गाडी इथून तिथे नेतो. पुढच्याच वर्षी काँग्रेसला दुरुस्ती करून मालकाच्या संमतीशिवाय उचललेल्या गाड्यांचे दर राज्यांच्या हाती परत द्यावे लागले. २००२ साली कोलंबस शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार राज्य आपल्या शहरांकडे सोपवू शकते, हे मान्य केले.

शेवटचा मोठा खटला न्यू हॅम्पशायरमधल्या रॉबर्ट पेल्की यांचा. ते राहत असलेल्या गृहसंकुलात नियम होता, की हिमवादळ आले की बर्फ काढण्यासाठी भाडेकरूंनी आवारातल्या गाड्या हलवायच्या. २००७ च्या फेब्रुवारीत वादळ आले तेव्हा पेल्की अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची होंडा सिव्हिक उचलून नेली गेली. त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. डावे पाऊल कापावे लागले आणि त्याच मुक्कामात हृदयविकाराचा झटका आला. गाडी कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. टोइंग कंपनीने पाठवलेले पत्र पत्ता बदलल्याच्या शेऱ्यासह परत आले. एप्रिलमध्ये घरी सुटका झाल्यावर वकिलामार्फत शोध लागला. शुल्क भरून गाडी परत घ्यायला आपण तयार आहोत असे त्यांनी कळवले, पण कंपनीने ती तिसऱ्याच कुणाला देऊन टाकली आणि पेल्कींना एक पैसाही दिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीचा बचाव होता तो १९९४ च्या कायद्याचा : आम्ही वाहतूकदार, राज्याचा कायदा आम्हाला लागू नाही.

२०१३ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एकमताच्या न्यायपीठाचा निकाल लिहिला. गाडी कोठारात जाऊन उभी राहिली तिथे वाहतूक संपली, असे त्यांनी म्हटले. पुढे ती कशी सांभाळली आणि कशी विकली, याचा जाब राज्याच्या कायद्याखाली विचारता येईल. पेल्कींना आपला दावा न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयात पुढे चालवण्याची मोकळीक मिळाली. होंडा सिव्हिक त्याआधी केव्हाच दुसऱ्याच्या हाती गेली होती.